थरथरणाऱ्या मशीनला आधी पाणसळ लावा

भातबियाणे, खतांच्या मात्रा आणि कडधान्याच्या पानावर आज कपडे धुण्याच्या मशीनचा विषय पाहून आपल्याला नवल वाटेल. पण जरा आपल्या गावात फिरून पाहा. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यांतल्या गावांत पडवीत नाहीतर न्हाणीच्या शेजारी हे यंत्र आता दिसू लागले आहे. काही घरांत ते हप्त्यावर नवे आलेले असते. पुष्कळ घरांत मात्र ते डोंबिवलीहून, कल्याणहून किंवा ठाण्याहून आलेले असते. मुलगा नोकरीला तिकडे, त्याने फ्लॅटमध्ये नवे मशीन घेतले की जुने टेम्पोत टाकून गावी आईकडे पाठवतो.

आई खूश होते. पहिल्या दिवशी शेजारपाजारच्या बायका बघायला येतात. कपडे धुण्यापर्यंत सगळे ठीक चालते. पिळायची वेळ आली की मशीन गदागदा हलायला लागते, भिंतीवर आपटते, कधी कधी तर पडवीभर चालत जाते. घरातले लोक घाबरून बटण बंद करतात. मेकॅनिक शहरातून यायचा, त्याची येण्याची फी वेगळी, सामान वेगळे. मग “बिघडलं ते” म्हणून त्यावर चादर टाकली जाते आणि माउली पुन्हा बादली घेऊन विहिरीवर जाते.

यासाठीच हा लेख. हलणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा मोठा बिघाड नसतो. दोष मशीनच्या खाली असतो, नाहीतर आत भरलेल्या कपड्यांत असतो. तो घरच्या माणसाला एका पान्याने आणि पाणसळीने काढता येतो. तो आधी काढावा आणि मगच मेकॅनिकला बोलवावे.

मशीन हलते का?

आपल्याकडच्या मळणी यंत्राचे उदाहरण घ्या. ड्रमचा एक दात तुटून पडला की सगळे यंत्र थरथरू लागते. दाताचे वजन ते केवढे? पण ड्रम एका बाजूला हलका झाला आणि त्याचा तोल गेला. कपड्यांच्या मशीनचेही हेच आहे. फिरणाऱ्या ड्रममध्ये एका बाजूला वजन जास्त झाले की ते प्रत्येक फेऱ्याला यंत्राला आपल्याकडे ओढते.

ही ओढ किती असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम पिळताना मिनिटाला १००० फेरे घेतो असे धरा. ड्रमच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटर धरा. आता अर्ध्या किलोचा ओला टॉवेल एकाच बाजूला चिकटून राहिला, तर तो ड्रमला सुमारे १४० किलोच्या जोराने बाहेर ओढतो. म्हणजे भाताची जड गोणी कोणीतरी एका सेकंदात सोळा वेळा इकडून तिकडे हिसकावल्यासारखे. हेच फेरे ५०० असले तर ओढ ३५ किलोवर येते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते, हा नियम आहे. म्हणूनच धुताना गप्प असणारे मशीन पिळताना नाचते.

कंपन्यांना हे माहीत असते. म्हणून समोरून दार असलेल्या मशीनच्या टाकीला काँक्रीटची वजने बांधलेली असतात. ते मशीन उचलायला दोन-तीन माणसे लागतात, त्याचे कारण हेच. टाकी वर स्प्रिंगांवर टांगलेली असते आणि खालून तिला मोटारसायकलसारखे शॉकअप लावलेले असतात. वरून झाकण असलेल्या पूर्ण ऑटोमॅटिक मशीनची टाकी चार कोपऱ्यांना चार सळ्यांवर लटकलेली असते आणि टबाच्या वरच्या कड्यात मिठाचे पाणी भरलेले असते. ते पाणी हलक्या बाजूकडे सरकून तोल सांभाळते. थोडेफार हलणे हे त्या यंत्राचे काम आहे. टाकी आतल्या आत हलावी, पण बाहेरचा पत्रा जागचा हलू नये.

आधी रिकामे चालवून पाहा

गुराला काय झाले हे पाहताना आपण आधी ताप बघतो, चारा खाते का बघतो. तशी इथेही एक पहिली परीक्षा आहे. सगळे कपडे काढून मशीन रिकामे ठेवावे आणि फक्त पिळण्याचे बटण लावावे. रिकामे मशीन शांत फिरले आणि कपडे घातल्यावरच हलले, तर दोष कपडे भरण्यात आहे. रिकामेसुद्धा हलले, तर दोष बैठकीत आहे किंवा आतल्या भागात आहे. बैठक नीट करून पुन्हा रिकामे चालवावे. तरी हलले तरच आतला भाग गेला असे समजावे. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते, आणि मेकॅनिक आलाच तर त्याच्याशी नेमके बोलताही येते.

वाहतुकीचे बोल्ट

समोरून दार असलेले मशीन कारखान्यातून निघते तेव्हा आतली टाकी प्रवासात आपटू नये म्हणून पाठीमागून तीन-चार लांब बोल्टांनी ती आवळलेली असते. मशीन घरी आले की हे बोल्ट काढायचे असतात. ते तसेच राहिले तर टाकीला लोंबायला जागाच मिळत नाही आणि सगळा धक्का बाहेरच्या पत्र्याला बसतो. नवे मशीन पहिल्याच दिवशी भयंकर उडत असेल तर आधी पाठ फिरवून बोल्ट आहेत का ते पाहावे. दुकानदाराच्या माणसाकडूनच ते काढून घ्यावेत. वरून झाकण असलेल्या मशीनमध्ये बोल्टांऐवजी खाली किंवा टबाभोवती पुठ्ठ्याचे अथवा थर्माकोलचे पॅकिंग असते. तेही काढावे लागते.

काढलेले बोल्ट फेकू नयेत. पिशवीत घालून पावतीबरोबर जपून ठेवावेत. मशीन पुढे कधी हलवायचे झाले तर ते पुन्हा लावावे लागतात. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरून उतरवलेले मशीन बोल्टांशिवाय टेम्पोत आडवे टाकले आणि कल्याण-मुरबाड रस्त्याने पुढे टोकावड्यापर्यंत आणले, तर टाकी आतल्या आत किती वेळा आपटली असेल याचा विचार करा. स्प्रिंग निसटते, सळी आकड्यातून सुटते, शॉकअप वाकतो. मुलाने शहरात नीट चालणारे मशीन पाठवलेले असते आणि गावी येईपर्यंत रस्त्यातच त्याचे दुखणे सुरू होते.

म्हणून शहरातल्या मुलाबाळांना आधीच सांगून ठेवा. मशीन उभेच आणायचे. बोल्ट असतील तर लावून आणायचे. नसतील तर टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या गोधड्या किंवा फोम घट्ट कोंबून आणायचे, आणि चालू करण्याआधी ते आठवणीने काढायचे. वरून झाकण असलेले मशीन आल्यावर झाकण उघडून टबाभोवतीची फट पाहावी. चारही बाजूंना ती सारखी असली पाहिजे. टब एका कोपऱ्याकडे कललेला दिसला तर त्या बाजूची सळी सुटली आहे असे समजावे.

बैठक: खाचरासारखी, पाणसळीत

भाताचे खाचर पाणसळीत नसले की पाणी एका कोपऱ्यात साठते आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मशीनची बैठकही तशीच सपाट हवी. चारपैकी एक पाय अधांतरी राहिला की मशीन तीन पायांवर डुलते आणि पिळताना त्याचे डुलणे वाढतच जाते.

सारवलेल्या जमिनीवर मशीन कधीही ठेवू नये. ओल लागली की एक पाय रुततो. वाळूवर नुसती टाकलेली शहाबादी फरशी हलते, तिच्यावरही ठेवू नये. खाली लाकडी पाट किंवा फळी ठेवणेही चुकीचे, ती ओली होऊन फुगते आणि घसरते. चाके असलेले प्लास्टिकचे स्टँड झाडलोटीला सोयीचे वाटते, पण जास्त फेऱ्यांच्या मशीनखाली ते नसलेले बरे.

सर्वांत चांगले म्हणजे न्हाणीजवळ सिमेंट काँक्रीटचा छोटा ओटा करून घ्यावा. अडीच फूट लांब-रुंद आणि चार इंच उंच एवढा पुरतो. मशीन मोठे असेल तर त्याच्या मापाने करावा. खालची माती चांगली धुमसून घ्यावी, गवंड्याकडून वरचा भाग पाणसळीत करून घ्यावा आणि निदान आठवडाभर पाणी मारावे. वरून गुळगुळीत घोटू नये, कारण साबणाच्या पाण्याने गुळगुळीत जागेवर पाय सरकतात. ओटा उंच असल्याने सेमी-ऑटोमॅटिक मशीनचे पाणीही नळीतून सहज उतरते. विहिरीवरच्या पंपाला फाउंडेशन करताना जी काळजी घेता, तेवढीच इथे घ्यायची.

आता पाय जुळवणे. हे करताना मशीन रिकामे असावे आणि प्लग काढलेला असावा. वर पाणसळ आधी आडवी, मग उभी ठेवून पाहावी. पाणसळ नसेल तर काठोकाठ भरलेली पाण्याची परात वर ठेवली तरी कोणती बाजू खाली आहे ते कळते. मशीनचे पुढचे दोन पाय बहुधा आट्यांचे असतात, ते पान्याने फिरवून कमी-जास्त करता येतात. काहींना चारही पाय तसे असतात. पाय लागेल तेवढाच बाहेर काढावा, मशीन जितके बुटके तितके स्थिर. मग समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. कट-कट वाजले नाही की काम झाले. शेवटी प्रत्येक पायावरची चपटी नट वर फिरवून पत्र्याला घट्ट आवळावी. ही नट पुष्कळ जण विसरतात. मग चार दिवसांत थरथरीने पाय पुन्हा फिरतो आणि “परवाच तर नीट केलं होतं” असे म्हणायची वेळ येते.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनचे पाय बहुधा फिरणारे नसतात. तिथे ज्या कोपऱ्याखाली फट आहे तिथे जाड रबराचा तुकडा घालावा. पुठ्ठ्याच्या घड्या घालू नयेत, त्या भिजून चेपतात. मशीन भिंतीला आणि शेजारच्या वस्तूंना चिकटून नसावे, चार बोटे जागा सुटलेली असावी.

कपडे भरण्याची रीत

बैलगाडीत गोण्या भरताना आपण सगळा भार मागे टाकत नाही. मशीन भरतानाही तोल पाहावा. एकटी गोधडी, एकटी सतरंजी किंवा एकटे जाड ब्लँकेट टाकले की ते भिजून एका बाजूला गोळा होते. सुती कापड कोरड्या वजनाच्या दोन-अडीच पट जड होते, हे ध्यानात घ्या. जड कपड्याबरोबर दोन-तीन टॉवेल, विजारी असे मध्यम कपडे घालावेत म्हणजे भार वाटला जातो. साड्या आणि चादरी एकमेकींत गुंतून दोर झाला असेल तर मशीन थांबवून तो सोडवावा. ड्रम ठासून भरू नये, तसेच दोनच कपडे टाकूनही चालवू नये.

सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये कपडे कडेने गोल आणि सारखे दाबून बसवावेत. त्यांच्यावर ठेवायची प्लास्टिकची जाळीदार चकती असते, ती रोज वापरावी. ती नसली की फिरताना एखादी बाही वर येते, तोल जातो आणि डबा खडखड वाजायला लागतो. पुष्कळ घरांत ही चकती कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते.

लावणीच्या दिवसांतले चिखलाचे कपडे सरळ मशीनमध्ये टाकू नयेत. आधी बाहेर दोन पाण्यांत खळबळून घ्यावेत आणि खिसे झटकावेत. चिखल, तूस आणि नाणी पाणी बाहेर टाकण्याच्या वाटेत अडकतात. पाणी पुरते निघाले नाही की तेवढा भार घेऊन टाकी फिरू पाहते आणि मशीन धडपडते. समोरून दार असलेल्या मशीनच्या खालच्या कोपऱ्यातला फिल्टर महिन्यातून एकदा काढून धुवावा. पाणी सोडायची नळी कुठे मुडपली आहे का तेही पाहावे.

रेनकोट, प्लास्टिकचे कापड, ताडपत्रीचे तुकडे पिळण्याच्या फेऱ्यात कधीही घालू नयेत. त्यांतून पाणी निघत नाही. ते खोळ्यात साठते, आणि वेग आला की एकदम एका बाजूला उसळते. हा धोका साधा नाही. २०१६ साली नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सॅमसंग कंपनीला वरून झाकण असलेली सुमारे २८ लाख मशीन परत बोलावण्याच्या यादीत घालावी लागली होती. जोराच्या थरथरीने त्यांचा वरचा भाग सुटून उडण्याचा धोका होता आणि एका माणसाचा जबडा मोडल्याची नोंद आहे. पांघरुणे, जाड कपडे आणि पाणी न शोषणारे कपडे कमी वेगावरच पिळा, असे तेव्हा तिथल्या ग्राहकांना सांगण्यात आले होते. आपल्या ठाणे जिल्ह्यात चार महिने रेनकोटशिवाय चालत नाही, म्हणून ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवावी.

विजेचा दाब

पाळण्याला ठरावीक वेळी झोका दिला की तो चढत जातो. मशीनलाही असा एक वेग असतो, ज्यावर ते सर्वांत जास्त हलते. चांगले मशीन तो वेग झटकन ओलांडून पुढे जाते आणि मग शांत होते. विजेचा दाब कमी असला तर साध्या मोटारीच्या ड्रायरला तो वेग ओलांडता येत नाही. ते तिथेच घुटमळत हलत राहते आणि मोटार तापते. संध्याकाळी सगळ्या गावाची वीज सुरू असताना मशीन हलत असेल आणि दुपारी हलत नसेल, तर कारण इथे शोधावे. अशा वेळी पिळण्याचे काम दुपारी करावे.

आतला बिघाड कसा ओळखावा?

एवढे सगळे करूनही रिकामे मशीन हलत असेल तर प्लग काढून तीन गोष्टी पाहाव्यात. टाकी हाताने खाली दाबून सोडावी. ती एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगले आहेत, उड्या मारत राहिली तर ते गेले आहेत. ड्रम हाताने हळू फिरवावा. पिठाच्या गिरणीसारखी घरघर आली तर बेअरिंग खराब झाले आहे. ड्रमची कड धरून वर-खाली हलवावी. टाकीपासून वेगळा खटखट खेळ जाणवला तरीही बेअरिंगच समजावे. ही कामे जाणकाराची आहेत. शॉकअप किंवा सळ्या बदलताना जोडीने बदलून घ्याव्यात. एक नवा आणि एक जुना असला की तोल पुन्हा बिघडतो. बेअरिंगचे काम मोठे असते. मशीन फार जुने असेल तर खर्च आधी विचारून मगच हो म्हणावे.

दाबून धरू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मशीन चालत निघाले की घरातली बाई किंवा पोर त्याला अंगाने दाबून धरते. पाय अनवाणी, खाली ओली फरशी, आणि आत थरथरीने घासून सोललेली वायर! या एका सवयीने जीव जाऊ शकतो. मशीन हलले की हात न लावता भिंतीवरचे बटण बंद करावे. ते बटण कोरड्या जागी आणि मशीनपासून दूर असावे.

प्लग तीन पिनांचाच हवा आणि तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग हवी. दोन पिनांवर जुगाड करून मशीन चालवू नये. मोटारपंपाला करतो तसा अर्थिंगचा खड्डा घराला वेगळा असावा. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारी कळ परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावी. मशीनच्या तळाला उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाची जाळी शाबूत ठेवावी. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालू नये. ड्रायरचे झाकण उघडल्यावर डबा लगेच थांबला नाही तर ब्रेक गेला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नये.

पावती आणि हक्क

नवे मशीन घेताना पक्की पावती आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. कंपनीच्या माणसाने येऊन मशीन बसवून, पाणसळ लावून, पिळण्याचा फेरा चालवून दाखवल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नये. वॉरंटीत असताना मागचा पत्रा स्वतः उघडू नये. पाय जुळवणे आणि फिल्टर धुणे ही कामे मात्र घरी करता येतात. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन्हीकडे पावती लागतेच.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आश्रमशाळा-वसतिगृहांच्या अधीक्षकांनाही दोन शब्द. आपल्या ताब्यातल्या संस्थेत असे मशीन असेल आणि ते “हलते” म्हणून बंद पडून असेल, तर निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिण्याआधी ते रिकामे चालवून पाहा आणि पाणसळ लावा. जिथे मुले वावरतात तिथली अर्थिंग दरवर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या आणि तशी नोंद ठेवा. महिला सभेत एखाद्या घरचे मशीन घेऊन पाय कसे जुळवायचे हे अर्ध्या तासात दाखवता येते. गावातली एक-दोन मुले-मुली आयटीआयला वीजतंत्री शिकत असतील तर त्यांनाच हे काम सांगा. त्यांना चार पैसे मिळतील आणि गावाचा शहरातला हेलपाटा वाचेल.

नांगर, पंप, मळणी यंत्र यांची निगा आपण राखतो, कारण ती बंद पडली तर शेत अडते. हे मशीन बंद पडले तर घरातल्या बाईची कंबर अडते. दिवसभर शेतात वाकल्यावर संध्याकाळी पुन्हा धोंड्यावर वाकणे तिच्या वाट्याला येते. तेव्हा येत्या रविवारी एक पाना, एक पाणसळ आणि अर्धा तास काढावा. आधी प्लग काढावा, मग चारही पाय जुळवावेत आणि वरच्या नटा आवळाव्यात. चादरीखाली झाकलेली किती तरी मशीन एवढ्यानेच पुन्हा चालू होतील.